सोळा पेशी, आठ साकव : उंदराच्या कोवळ्या भ्रूणातले पेशीपूल कसे पाहावेत

विभाजन झालं की एका पेशीच्या दोन होतात, हे शाळेतलं वाक्य उंदराच्या आठ पेशींच्या भ्रूणात जेमतेम अर्धं खरं ठरतं. केंद्रकं दोन झालेली असतात, मधली कंबर आवळून झालेली असते, दोघी बहिणी आपापल्या कामाला लागलेल्या असतात. तरीही त्यांच्यामध्ये सूक्ष्मनलिकांची (पेशीच्या सांगाड्यातल्या ट्युब्युलिन प्रथिनाच्या बारीक नळ्यांची) एक बारीक जुडी शिल्लक असते, कोकणात वहाळावर टाकलेल्या साकवासारखी. पुढचं विभाजन सुरू होईपर्यंत ती तशीच राहते.

हा साकव पाहणं अवघड नाही, पण तो चुकवणं त्याहून सोपं आहे. प्लेट पाच मिनिटं थंड टेबलावर राहिली, भ्रूण काचेखाली चेपला गेला किंवा फिक्सेटिव्ह (पेशी आहे त्या स्थितीत गोठवणारं द्रावण) फ्रिजमधून काढून थेट वापरलं की पडद्यावर नुसता धूसर हिरवा गोळा दिसतो. उंदराचे भ्रूण हाताळायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी ही पद्धत पायरीपायरीने दिली आहे. अमुक मात्रा का आणि कुठे काय बिघडतं, हेही ओघात येईल.

आधी, पूल म्हणजे नेमकं काय

पेशी दुभागताना ॲक्टिन आणि मायोसिनचं कडं कंबरेभोवती आवळत जातं. दोन गुणसूत्रसंचांच्या मध्ये पसरलेल्या सूक्ष्मनलिका त्या कड्यात सापडतात, दाटतात आणि मधोमध प्रथिनांची एक गाठ बनते. तिला मिडबॉडी म्हणतात. वाल्थर फ्लेमिंग यांनी ती १८९१ मध्येच नोंदवली होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेला पेशींत (माणसाच्या कर्करोगाच्या पेशींच्या एका जुन्या वाणात) ही जोडणी साधारण तास-दोन तासांत तुटते. स्पास्टिन हे प्रथिन सूक्ष्मनलिका कापतं आणि एस्कॉर्ट-३ गटातली प्रथिनं उरलेला पडदा आवळून तोडतात.

उंदराच्या भ्रूणात ही तोड लांबते. जेनिफर झेंकर, निकोलास प्लाख्टा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की हे पूल मागे राहिलेला कचरा नसून काम करणारी रचना आहे. पुलात कॅमसॅप-३ हे प्रथिन साचलेलं असतं. ते सूक्ष्मनलिकांची वजा टोकं धरून ठेवतं आणि तिथून नलिका दोन्ही पेशींत पसरतात. ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींना चिकटवणारं प्रथिन या नलिकांच्या वाटेने पडद्याकडे नेलं जातं. पुलातलं हे जाळं विस्कटलं की ती वाहतूकही विस्कळीत होते.

एरवी पेशीत हे काम सेंट्रोसोम करतो, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं तारककाय. उंदरात मात्र शुक्राणूकडून चालू स्थितीतलं तारककेंद्र (तारककायाचा गाभा, सेंट्रिओल) येत नाही, आणि ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी झालेला भ्रूण) तयार होण्याच्या सुमारास, साधारण ६४ पेशींच्या टप्प्यापर्यंत, पेशींत सेंट्रोसोमच नसतो. कारभारी घरात नाही, म्हणून उंबऱ्यावरूनच कारभार चालतो, असा हा प्रकार. माणसात आणि गाईत तारककेंद्र शुक्राणूबरोबर येतं. त्यामुळे इथली निरीक्षणं जशीच्या तशी त्या भ्रूणांवर लादू नका.

पायरी १ : तासांचं गणित

भ्रूणाचं वय दिवसांत मोजून इथे भागत नाही. पहिली दोन विभाजनचक्रं लांबलचक असतात, पुढची १० ते १२ तासांची. एचसीजीचं, म्हणजे बीजं सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन दिल्यापासून तास मोजा.

मादीला पोटात ५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) पीएमएसजी, म्हणजे बीजं वाढवणारं संप्रेरक, ४६ ते ४८ तासांनी ५ आययू एचसीजी, आणि लगेच नराच्या पिंजऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग, म्हणजे समागमानंतर मादीच्या योनीत राहणारी घट्ट गुठळी, तपासा. उशीर केला तर प्लग गळून पडतो आणि चांगली मादी हातची जाते, म्हणून दहाच्या आत हे उरकावं. प्लगच्या दिवसाची दुपार म्हणजे ०.५ दिवस.

साधारण अंदाज असा : दोन पेशी ४४ ते ४८ तासांवर, आठ पेशी ६४ ते ६८ तासांवर, कॉम्पॅक्शन (पेशी एकमेकींना घट्ट बिलगणं) सत्तरीच्या पुढे, सोळा पेशी ७६ ते ८० तासांवर, ब्लास्टोसिस्ट ९२ ते ९६ तासांवर. जातीनुसार चार तास इकडेतिकडे होतातच.

आता कॅलेंडर समोर घ्या. पीएमएसजी सोमवारी संध्याकाळी पाचला आणि एचसीजी बुधवारी पाचला दिलं, तर आठ पेशी शनिवारी सकाळी अकराला मिळतात, हे सोयीचं. पण सोळा पेशींचा टप्पा येतो शनिवारी रात्री अकराला. यावर उपाय दोनच : रात्री थांबायचं, किंवा प्राणीगृहातल्या दिव्यांची वेळ आधी दोनेक आठवडे सरकवून ठेवायची. सकाळी फिक्स केलेल्या आठ पेशींच्या भ्रूणांवर समाधान मानून 'सोळा पेशींचं नंतर बघू' म्हटलं की ते नंतर कधीच उजाडत नाही.

जातीबद्दल एक इशारा. भारतात स्विस अल्बिनो उंदीर सहज मिळतात, पण अशा काही जातींचे भ्रूण एका पेशीपासून बाहेर वाढवले की दोन पेशींवरच अडून बसण्याची खोड दाखवतात. सी५७ब्लॅक६ची सीबीए किंवा डीबीए२शी केलेली पहिली संकर पिढी सोशिक असते, आणि उत्तेजित मादीकडून साधारण २० ते ३० भ्रूण देते. संकर जात नसेल तर दोन पेशींचे भ्रूण काढून तिथून पुढे वाढवा. अडचण पार झालेली असते.

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आणि सीसीएसईएची (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीची) नोंदणी नसेल, तर यातलं काहीही सुरू करायचं नाही. मानवी भ्रूणांवर ही पद्धत 'करून बघण्याचा' विचारही नको. तो २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याचा विषय आहे.

पायरी २ : बाहेर काढणं, आणि ऊब

आदल्या संध्याकाळी केएसओएम या भ्रूण वाढवायच्या मीडियमचे १० ते २० मायक्रोलिटरचे ठिपके ३५ मिलिमीटरच्या प्लेटमध्ये मांडा, वर खनिज तेल ओता आणि ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. केएसओएम बायकार्बोनेटवर चालतं. बाहेरच्या हवेत काही मिनिटांतच त्याचा पीएच चढतो. म्हणून इन्क्युबेटरबाहेरची सगळी कामं हेपेस (हवेतही पीएच सांभाळणारा बफर) असलेल्या एम-२ मीडियममध्ये करायची. या दोघांची अदलाबदल ही नवख्यांची पहिली चूक. एम-२ इन्क्युबेटरात ठेवलं तर उलट बाजूने पीएच बिघडतो.

आठ पेशींचे भ्रूण बीजवाहिनीत किंवा गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी असतात. बीजवाहिनी गर्भाशयाच्या थोड्या तुकड्यासकट कापून घ्या. ३० गेजची, टोक घासून बोथट केलेली सुई तिच्या झालरीसारख्या तोंडात सरकवा आणि ०.१ मिलिलिटर एम-२ हळू सोडा. नळी फुगून नागमोडी वळणं उलगडायला लागली की सुई बरोबर बसली. फुगली नाही आणि मीडियम बाजूनेच वाहत राहिलं तर सुई आत गेलेली नाही.

पिपेटसाठी काचेची केशनलिका ओढून आतला व्यास १२० ते १५० मायक्रोमीटर ठेवा. झोनासकट, म्हणजे भ्रूणाभोवतीच्या पारदर्शक कवचासकट, भ्रूण साधारण १०० मायक्रोमीटरचा असतो. त्याला अंग घासून जावं लागेल इतकं तोंड अरुंद नको, आणि २५० मायक्रोमीटरचंही नको, कारण मग भ्रूणाबरोबर कितीतरी जास्त मीडियम वाहून येतं आणि पुढच्या प्रत्येक द्रावणाची मात्रा बिघडते. टोक ज्योतीवर क्षणभर धरून गुळगुळीत करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सूक्ष्मनलिका थंडीला विरघळतात. एसीची झुळूक, मायक्रोस्कोपचा धातूचा मंच, फ्रिजमधून काढलेलं मीडियम यांपैकी काहीही पुरतं. गरम मंच नसेल तर एम-२ चे ठिपके गरम प्लेटवर ठेवा आणि एका वेळी पाच-सहाच भ्रूण हाताळा. काढून झाल्यावर त्यांना केएसओएममध्ये निदान तासभर विसावू द्या. धक्का बसलेलं जाळं ३७ अंशांत परत उभं राहतं. फ्लश केल्या केल्या फिक्स केलेल्या भ्रूणांत जे दिसतं, ते बरंचसं तुमच्या हाताळणीचं चित्र असतं.

पायरी ३ : झोना राहू द्या

जुन्या पद्धतीत झोना आधी उतरवतात : पीएच २.५ चं आम्लीय टायरोड, खोलीच्या तापमानाला, डोळा न हलवता, आणि झोना पातळ होऊन दिसेनासा व्हायच्या आत बाहेर. सहसा अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर काम होतं. शेवटचा अंश विरघळायची वाट पाहिलीत तर पेशींचा पडदाही भाजतो.

पूल पाहायचे असतील तर ही पायरी गाळाच. प्रतिपिंडं झोनातून आत जातात, फक्त वेळ जास्त लागतो. उलट झोना नसला की कॉम्पॅक्शनआधीच्या पेशी लोळतात, ओळीत पसरतात, पूल ताणले जातात. नलिका तिथे आहे की तुटली, ती मुळात कशी होती, काहीच सांगता येत नाही.

झोना उतरवून एक गोष्ट मात्र छान दिसते, आणि ती एकदा पाहून ठेवावी. झोना काढलेला आठ पेशींचा भ्रूण कॅल्शियम नसलेल्या मीडियममध्ये ठेवा. ई-कॅडहेरिनची पकड कॅल्शियमवर असते, म्हणून पेशी सुट्या गोळ्यांसारख्या गोल होतात. आता पिपेटने हलकेच वरखाली करा. बऱ्याच पेशी एकेकट्या न सुटता दोन-दोनच्या जोड्यांनी सुटतात. या जोड्या बहुधा सख्ख्या बहिणींच्या. प्लेट जरा हलवली तर एक गोळा वळतो आणि दुसरा त्याच्यामागे ओढला जातो, मधे मात्र साध्या मायक्रोस्कोपला काहीच दिसत नाही. चिकटपणा गेल्यावरही उरलेली ती ओढ पुलाची.

पायरी ४ : फिक्सिंग

इथे घाई नको. बहुतेक प्रयोग इथेच वाचतात किंवा बुडतात.

नेहमीच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या द्रावणात) बनवलेल्या फॉर्मल्डिहाइडपेक्षा सूक्ष्मनलिकांसाठी पीएचईएम बफर चांगला. १०० मिलिलिटरसाठी : पाइप्स १.८१ ग्रॅम (६० मिलिमोलर), हेपेस ०.६० ग्रॅम (२५), ईजीटीए ०.३८ ग्रॅम (१०), सहा जलरेणू असलेलं मॅग्नेशियम क्लोराइड ०.०४ ग्रॅम (२). पीएच ६.९. पाइप्स आम्ल पाण्यात विरघळत नाही. ढवळत बसू नका, पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. पीएच साडेसहाच्या आसपास आला की दुधी द्रावण एकदम नितळ होतं. गाळून ४ अंशांत ठेवा.

वापरायच्या दिवशी, १ मिलिलिटर फिक्सेटिव्हसाठी : मिथेनॉलविरहित १६ टक्के फॉर्मल्डिहाइड २५० मायक्रोलिटर, पीएचईएम ७४० मायक्रोलिटर, ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या रसायनाचं १० टक्के द्रावण १० मायक्रोलिटर. म्हणजे शेवटी ४ टक्के फॉर्मल्डिहाइड आणि ०.१ टक्का ट्रायटन. ३७ अंशांवर गरम करून घ्या. भ्रूण कमीत कमी मीडियमसह त्यात सोडा आणि ३७ अंशांतच ३० मिनिटं ठेवा. फॉर्मल्डिहाइडचं काम फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे घालून.

ट्रायटन फिक्सेटिव्हमध्येच का? पेशीरसात न जुळलेलं ट्युब्युलिन मोठ्या प्रमाणात तरंगत असतं. उंदराच्या कोवळ्या भ्रूणात पेशी मोठ्या, म्हणून हा धूरही दाट. ट्रायटन पडद्याला भोकं पाडतं, सुटं ट्युब्युलिन काही प्रमाणात बाहेर जातं आणि जुळलेल्या नलिका उठून दिसतात.

आता यातली मेख. पीएचईएममधलं ईजीटीए कॅल्शियम पकडतं. फिक्स करण्याआधी भ्रूण साध्या पीएचईएममध्ये 'एकदा धुऊन घेऊ' म्हणून दोन मिनिटं ठेवले, तर ई-कॅडहेरिनची पकड सुटायला लागते आणि कॉम्पॅक्ट झालेला भ्रूण परत द्राक्षाच्या घोसासारखा होतो. मग वाटतं, भ्रूण लवकरच्या टप्प्याचे होते. नव्हते. केएसओएममधून थेट फिक्सेटिव्हमध्ये, मधे काही नाही.

ग्लुटराल्डिहाइड घातलं तर नलिका आणखी सुबक टिकतात, हे खरं. पण ते सगळीकडे स्वतःची चमक सोडतं आणि मग बोरोहायड्राइडने ती मारत बसावं लागतं. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

पायरी ५ : रंगवणं

भ्रूण हरवणं हा या पायरीतला खरा शत्रू. फिक्स केलेला भ्रूण काचेला, प्लास्टिकला, पिपेटच्या भिंतीला चिकटतो. प्रत्येक द्रावणात पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असलंच पाहिजे. तेलाखालच्या ठिपक्यांत ट्रायटन वापरू नका, ठिपके पसरतात. त्या टप्प्यांना खोलगट खणांची काचेची प्लेट घ्या. ट्रायटनमध्ये टाकलेला भ्रूण आधी पृष्ठभागावर गरगरतो, मग खाली बसतो. तो बसेपर्यंत नजर हलवू नका.

क्रम असा. पीबीएसने तीन वेळा, पाच-पाच मिनिटं धुवा. ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये १० मिनिटं, म्हणजे उरलेलं फॉर्मल्डिहाइड निकामी होतं. ०.५ टक्का ट्रायटनमध्ये २० मिनिटं. ३ टक्के बीएसए आणि ०.१ टक्का ट्वीन-२० मध्ये तासभर. मग प्राथमिक प्रतिपिंडं (हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी), ४ अंशांत रात्रभर (आता थंडीची भीती नाही, नलिका बांधल्या गेल्या आहेत). सकाळी १५-१५ मिनिटांची तीन धुणी. दुय्यम प्रतिपिंडं (प्राथमिकांना चिकटणारी, चमकणारी), ॲक्टिनसाठी फॅलॉइडिन आणि डीएनएसाठी हेक्स्ट एकत्रच, अंधारात दीड तास. पुन्हा तीन धुणी.

अल्फा-ट्युब्युलिनला डीएम१ए हे उंदराचं प्रतिपिंड १:५०० वर चालतं. ई-कॅडहेरिनला प्रथिनाच्या पेशीतल्या टोकाला धरणारं प्रतिपिंड घ्या. पण तेही उंदराचंच घेतलंत तर दुय्यम प्रतिपिंडाला दोघांत फरक कळणार नाही आणि दोन्ही रंग सगळीकडे दिसतील. एक उंदराचं, एक सशाचं, एवढं खरेदीच्या वेळीच बघून घ्या. एका ठिपक्यात चार-पाच भ्रूण फक्त दुय्यम प्रतिपिंडाचे ठेवा. हा नियंत्रण गट नसेल तर चित्र सुंदर आलं तरी ते कुणी मानणार नाही.

पायरी ६ : मांडणी आणि मायक्रोस्कोप

घट्ट होणारं माउंटिंग मीडियम आणि कव्हरस्लिप नको. ८० मायक्रोमीटरचा गोळा २० मायक्रोमीटरची चकती होतो आणि बहिणी नसलेल्या पेशीही शेजारणी होतात. काचेचा तळ असलेल्या प्लेटमध्ये पीबीएसचे ५ मायक्रोलिटरचे ठिपके, वर तेल, प्रत्येक ठिपक्यात तीन-चार भ्रूण, एवढंच.

भ्रूण पाण्यासारख्या द्रावणात आहे, म्हणून लेन्सही पाण्याचीच : ४० पट, अपर्चर १.१ ते १.२. तेलाची ६३ पट लेन्स तळाच्या पेशी झकास दाखवते, पण २०-३० मायक्रोमीटर वर गेलं की चित्र पसरट आणि मंद होतं. नवख्याला वाटतं वरच्या अर्ध्यात पूल नाहीत. ते असतात, लेन्स तिथवर नीट पाहू शकत नाही.

थरांमधलं अंतर ०.५ मायक्रोमीटर ठेवा. म्हणजे एका भ्रूणाचे साधारण १६० थर. कंटाळून २ मायक्रोमीटर ठेवू नका. पुलाची जाडीच १ ते २ मायक्रोमीटर आहे, आडवा पडलेला पूल दोन थरांच्या मधल्या फटीत हरवेल.

आता नजर कशी लावायची. दोन लगतच्या पेशींच्या सीमेवर ट्युब्युलिनच्या रंगात सगळ्यात उजळ अशी आखूड जुडी शोधा. दोन्ही बाजूंना ती पंख्यासारखी उलगडते. मधोमध बहुधा एक काळी रेघ दिसते. ती तुटल्याची खूण नव्हे. मिडबॉडीच्या गाठीत प्रथिनं इतकी दाट असतात की प्रतिपिंड आत शिरत नाही. दोन उजळ शंकू आणि मधे काळी फट, हा मिळून एक पूल. त्याला दोन मोजणारे पुष्कळ भेटतात.

पूल प्रकाशाच्या दिशेला समांतर उभा असेल तर वरून तो नुसता ठिपका दिसतो. सोळा पेशींत एक बहीण आत आणि एक बाहेर गेलेली असेल तेव्हा हे हमखास होतं. म्हणून उभे काप, म्हणजे एक्स-झेड आणि वाय-झेड, पाहिल्याशिवाय मोजणी लिहायची नाही.

पायरी ७ : मोजणी

नियम सोपा : शांत अवस्थेतल्या भ्रूणात पेशींच्या निम्मे पूल. दोन पेशींत एक, आठात चार, सोळात आठ. प्रत्येक पेशीला सख्खी बहीण एकच, म्हणून तिच्या वाट्याला पूलही एकच.

तो लागू करण्याआधी हेक्स्टचा रंग तपासा. केंद्रकं गोल, कडा स्पष्ट हवी. गुणसूत्रं आखडलेली दिसली तर ती पेशी विभाजनात आहे. तिचा जुना पूल गेलेला किंवा जाण्याच्या बेतात असतो, आणि नुकत्या झालेल्या विभाजनातली जाड नलिकाजुडी हा आपल्याला हवा तो टिकाऊ पूल नसतो.

बारा पेशींचा भ्रूण मोजणीसाठी वाईट. आठातल्या चार पेशी दुभागल्या, चार राहिल्या. नवे पूल चार. राहिलेल्या चौघी आपसात दोन जोड्या असतील तर जुने दोनपर्यंत, नसतील तर त्याहून कमी. म्हणजे चार ते सहा, सगळंच बरोबर. नेमक्या आठ किंवा सोळा पेशींचे, सर्व केंद्रकं शांत असलेले भ्रूण घ्या. बाकीचे वहीत वेगळे लिहा, फेकू नका.

मोजणी फसवणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, पोलर बॉडी, म्हणजे बीजाच्या विभाजनात बाजूला टाकलेली चिमुकली पेशी : छोटा गोळा, लहानसं डीएनए, आणि एखाद्या पेशीशी तिची स्वतःची जुनी मिडबॉडी. आठाऐवजी नऊ पूल आले की आधी हिला शोधा. दुसरी, फिलोपोडिया : कॉम्पॅक्शनच्या वेळी पेशी शेजारणीवर बारीक बोटं टाकतात, त्यात ॲक्टिन आणि ई-कॅडहेरिन भरपूर असतं. ती बोटं शेजारच्या पेशीच्या पाठीवर टेकतात, आत शिरत नाहीत, आणि त्यात ट्युब्युलिनची जाड जुडी नसते. शंका आली तर फॅलॉइडिनचा रंग बंद करून फक्त ट्युब्युलिन पाहा.

अपेक्षेपेक्षा पूल कमी, पण बाकीचं जाळं छान : बहुधा थर मोठे घेतलेत किंवा वरचा अर्धा भाग मंद आहे. जाळंच नाही, फक्त पूल उरलेत : भ्रूण गारठले होते. वाढवलेल्या पेशींत मिडबॉडीच्या नलिका थंडीला इतरांपेक्षा चिवट असतात, हे जुनं माहीत असलेलं निरीक्षण आहे. हे मुद्दाम करून बघण्यासारखं आहे : दहा भ्रूण १५ मिनिटं बर्फावर, दहा ३७ अंशांत, मग दोन्ही एकाच वेळी फिक्स. एकदा दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली की पुढे गारठलेला भ्रूण लगेच ओळखू येतो.

जिवंत भ्रूणात पाहायचं असेल तर

फिक्सचं काम पंचवीस-तीस भ्रूणांवर स्थिर झाल्याशिवाय इकडे येऊ नका.

सर-ट्युब्युलिन हा रंग मीडियममध्ये मिसळला की झालं, इंजेक्शन नको, म्हणून सगळे त्याच्याकडे वळतात. पण तो डोसिटॅक्सेलवर बेतलेला आहे, म्हणजे नलिका स्थिर करणाऱ्या औषधावर. मात्रा चढवली की पूल 'टिकाऊ' दिसणारच, तुम्हीच तो टिकवलात. १०० नॅनोमोलरपासून सुरू करा आणि रंग न घातलेल्या भ्रूणांशी विभाजनाच्या वेळा ताडून पाहा. नलिकांच्या वाढत्या टोकांना चिकटणाऱ्या ईबी-३ प्रथिनाचा, चमकणारा भाग जोडलेला, एमआरएनए टोचला तर नलिकांची वाढती टोकं धूमकेतूंसारखी पळताना दिसतात. पुलाकडून पेशीत निघालेले धूमकेतू हा तो पूल नलिका पुरवतो आहे याचा सगळ्यात थेट पुरावा.

प्रकाशाचं बजेट आधी ठरवा. १५ मिनिटांनी एकदा, २ मायक्रोमीटरचे थर, लेसर चालेल तितका कमी. जुना पूल कधी जातो आणि नवा कधी बनतो, एवढं यातून कळतं. बारकावे फिक्स केलेल्या भ्रूणातच पाहायचे. प्रत्येक वेळी दहा भ्रूण त्याच मीडियममध्ये, त्याच इन्क्युबेटरात, पण अंधारात ठेवा. संकर जातीचे दोन पेशींपासून वाढवलेले निरोगी भ्रूण केएसओएममध्ये ८० टक्क्यांच्या वर ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात. अंधारातले पोचले आणि प्रकाशातले अडले, तर तो दिवस बाद धरा.

शेवटची अडचण पूल न पाहणाऱ्यांनाही छळते. एका पेशीत रंग टोचून तिची संतती शोधायची असेल, तर विभाजनानंतर लगेच टोचू नका. सेसिलिया लो आणि नॉर्टन गिलुला यांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की कॉम्पॅक्शनआधीच्या भ्रूणात हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजसारखा ४० किलोडाल्टनचा रेणूसुद्धा बहिणीकडे जाऊ शकतो. गॅप जंक्शनमधून, म्हणजे शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून, साधारण १ किलोडाल्टनच्या वरचं काही जात नाही, आणि उंदरात गॅप जंक्शन आठ पेशींच्या टप्प्यावरच कामाला लागतात. तेव्हा एवढा मोठा रेणू पलीकडे गेला तो पुलावरूनच. टोचताना १० किलोडाल्टनचं चमकणारं डेक्स्ट्रान वापरा, अर्ध्या तासाने भ्रूण पाहा, आणि दोन पेशी उजळलेल्या दिसल्या तर तो भ्रूण बाजूला काढा.